पापणीवरची घडी

न्यूअर्कच्या विमानतळावर आईची नजर सीमाच्या चेहऱ्यावरून सरकून पुढे गेली. एवढंच झालं. फार तर दीड सेकंद. काचेच्या दारातून व्हीलचेअर बाहेर आली, मांडीवर घट्ट धरलेली पर्स, जून महिन्यातही अंगात राखाडी स्वेटर, आणि वर्गात हजेरी घ्यावी तशी आई रांगेतल्या एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत आली. सीमा कठड्याला टेकून हात हलवत होती. आईनं तिच्याकडे पाहिलं, पाहिलं हे नक्की, आणि मग शेजारच्या पंजाबी बाईकडे, मग त्या बाईच्या हातातल्या फुग्यांकडे, मग आणखी पुढे. तेवढ्यात रुही "आजी!" म्हणून ओरडली, आई आवाजाकडे वळली, हसली, आणि पुढचं सगळं रीतसर झालं. मिठ्या झाल्या, "किती वाळलीस गं" झालं, बॅगा मोजून झाल्या. पण गाडी टर्नपाइकच्या महामार्गाला लागली तरी सीमाच्या मनातून ती सरकून गेलेली नजर जाईना. आईनं दीड सेकंद ओळखलं नाही म्हणून चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला रडू येऊ नये. तिला आलं. तिनं गॉगल लावला आणि गाडी चालवणाऱ्या कुशलला, नवऱ्याला, म्हणाली, "एसी वाढव जरा."

मार्चमध्ये सीमानं पापण्यांचं ऑपरेशन करून घेतलं होतं. डोळा उघडला की वरच्या पापणीवर एक घडी पडते. बहुतेकांच्या पडते, आणि ज्यांच्या पडते त्यांना ती आपल्याकडे आहे याचा पत्ताही नसतो. सीमाच्या पापणीवर ती नव्हती. उजवीकडे कधीमधी, फार थकल्यावर उमटायची. डावीकडे कधीच नाही. त्यामुळे तिचे दोन डोळे दोन वेगळ्या माणसांचे वाटत, आणि ती दोन्ही माणसं नुकतीच झोपेतून उठलेली. हे डोळे तिला आईकडून आले होते आणि आईला तिच्या आईकडून. भंडाऱ्याकडच्या त्या सगळ्या बाया लग्नाच्या फोटोत एका ओळीत उभ्या राहिल्या की वाटायचं, फोटोवाल्यानं यांना डुलकी काढताना गाठलं. जवळच्या एडिसन गावातल्या डॉक्टरबाई कोरियन होत्या, सीमाच्याच वयाच्या. त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, काय हवंय तुम्हाला? सीमा म्हणाली होती, कुणाच्या लक्षात येऊ नये असं काहीतरी. डॉक्टरबाई हसल्या. सगळ्या हेच मागतात, म्हणाल्या, आणि मग कुणाच्या लक्षात आलं नाही की रागावतात.

खोटं कशाला बोला, काम झकास झालं होतं. सहाव्या दिवशी टाके निघाले. पहिले पंधरा दिवस पापण्या पुरीसारख्या टम्म होत्या, डोळ्यांखाली हिरवं-पिवळं उतरलं होतं, आणि सीमा तीन उशा रचून अर्धवट बसूनच झोपत होती. त्या दिवसांत आपण हात दाखवून अवलक्षण केलं असं तिला रोज वाटे. मग सूज ओसरली. एप्रिलच्या शेवटी एकदा ऑफिसच्या बाथरूममध्ये हात धुताना तिनं सहज वर पाहिलं तर आरशात दोन सारखे डोळे होते. मोठे नाहीत, बाहुलीसारखे नाहीत, सारखे आणि जागे. ती नळ चालू ठेवून तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं काजळ घातलं. आयुष्यभर काजळ तिच्या डोळ्यांत शिरायचं ते पापणीखाली गडप व्हायचं आणि दुपारपर्यंत गालावर उतरायचं. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत जिथल्या तिथं राहिलं. ती औषध कंपनीत काम करायची, नव्या औषधानं कुणाला काय अपाय झाला त्याची नोंद ठेवणं हेच तिचं काम, त्यामुळे चांगल्या परिणामावर चटकन विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती. पण तिचा आनंद खरा होता, आणि तो तिला कुणाला सांगता येत नव्हता. आईला तर नाहीच. तीन महिने तिनं व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद ठेवला. कधी नेटवर्क खराब, कधी फोनची काच फुटली, कधी नुसतंच "मी गाडीत आहे गं". कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे काय तिला कळत नव्हतं? आईचं तिकीट तिनंच काढलं होतं.

पाचवीत असताना ती रडत घरी आली होती. मुली डोळ्यांच्या कडा बोटांनी ताणून "चिनी, चिनी" करत तिच्याभोवती फिरल्या होत्या. आई शाळेतून नुकतीच आली होती, अजून वहाणाही काढल्या नव्हत्या. तिनं सीमाला हाताला धरून भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोसमोर उभं केलं. "बघ. डोळे उघडे आहेत की मिटलेले?" "अर्धे," सीमा म्हणाली. "मग? आपले तसे आहेत. लाज वाटावी असं आपल्यात काहीही नाही." ते शेवटचं वाक्य त्यांच्या घरात मिठासारखं सगळ्यात असायचं. आडनावाबद्दल तेच, वस्तीबद्दल तेच, डब्यातल्या भाजीबद्दल, रंगाबद्दल, सवलतीच्या यादीत नाव लागलं तेव्हा तेच. सीमा त्या वाक्यावर वाढली, त्या वाक्याच्या बळावर पुण्याला शिकायला गेली. तिथं होस्टेलमध्ये पहिल्या दिवशी एका मुलीनं विचारलं, तू मणिपूरची का? सीमा नाही म्हणाली आणि मग अपेक्षित दुसरा प्रश्न आला, आडनावाचा. पुढे कुणी मणिपूर म्हटलं की ती नुसती हसायची. तेवढ्यावर थांबलं तर बरंच, असं वाटायचं. आणि असं वाटलं याचीच लाज वाटायची. आई म्हणायची तशी बिनलाजेची ती कधी झालीच नव्हती, आईला फक्त ते कळू दिलं नव्हतं. मार्चमध्ये ऑपरेशनच्या टेबलावर पापणीत भूल द्यायची सुई टोचली तेव्हा तिच्या मनात आलं ते आईचं ते वाक्य. डॉक्टरबाईंनी विचारलं, दुखतंय का? ती नाही म्हणाली.

आणि आता आई घरात होती, आणि काही बोलत नव्हती. पहिल्या दिवशी सीमाला वाटलं, प्रवासाचा शीण. दुसऱ्या दिवशी वाटलं, चष्मा. पण आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं होतं आणि समोरच्या मेलबॉक्सवरचा नंबर ती सोफ्यावर बसून वाचत होती. चौथ्या दिवशी सीमा कांदा चिरत होती तेव्हा तिला जाणवलं की आई बघतेय. मान वर केली तर आई फ्रिजवरचं रुहीचं शाळेचं वेळापत्रक वाचत होती. असं रोज व्हायला लागलं. सीमा काही तरी करत असे, चेहऱ्याच्या एका बाजूला ऊन लागावं तसं आईचं बघणं तिला लागे, आणि वळलं की आई दुसरीकडे. रागावली असती तर बरं झालं असतं. आईच्या रागाला उत्तरं तयार होती. सीमा ती गाडीत एकटी असताना मोठ्यानं म्हणूनही बघायची. माझं शरीर आहे. मी काही गोरी व्हायला गेले नव्हते. तू पण दात बसवलेस की. प्रत्येक उत्तर सिग्नलला थांबेपर्यंत पटायचं. मग वाटायचं, आईनं नुसतं "का गं?" एवढंच विचारलं तर? त्याला उत्तर नव्हतं. आईच्या मनात आपण आता कोण आहोत, हे तिला कळायला हवं होतं. बाकी काही नको होतं. आणि ते विचारायला तोंड उघडत नव्हतं.

रविवारी पिस्कॅटवेला आसावरीकडे बुद्धवंदनेला जायचं होतं. महिन्यातून एकदा चार-पाच घरं जमायची. नागपूरचे, नांदेडचे, एक मुंबईचं जोडपं. आसावरी नव्यानंच आली होती, मिशिगनहून, तिनं आईला याआधी पाहिलेलं नव्हतं. आई पांढऱ्या साडीत पुढे बसली आणि वंदना तिनंच सांगावी असं सगळ्यांनी ठरवलं. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी आवाज वर्गातलाच होता. एकेक शील ती म्हणे आणि मागून सगळे म्हणत. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, सीमा मध्येच चुकली. तिला वाटलं, आईनं मुद्दाम तिथं थोडं थांबून घेतलं. तसं काही नव्हतं, आईला दम लागत होता एवढंच. नंतर जेवताना आसावरी आईच्या ताटात भात वाढत म्हणाली, "मावशी, सीमा तुमच्यासारखी अजिबातच दिसत नाही हं. डॅडवर गेलीय का?" सीमाच्या हातातला घास हातातच राहिला. आईनं वर पाहिलं नाही. "हो ना," ती म्हणाली, "वडिलांवर गेली," आणि वरण मागितलं. सगळी आपापल्या गप्पांत होती, हॉलमध्ये मुलं ओरडत होती, आणि सीमाला वाटलं की आपलं नाव कुठल्या तरी यादीतून शांतपणे खोडलं गेलं आणि खोडणाऱ्यानं पेनसुद्धा जोरात दाबलं नाही. वंदना संपून तास झाला नव्हता आणि तिची आई, जिनं हजेरीपटावर कधी खोटी खूण केली नव्हती, ती तिच्यासाठी खोटं बोलली होती. परतीच्या वाटेवर आई डुलक्या घेत होती. पेट्रोल पंपावर कुशल उतरला तेव्हा मागून रुही हळूच म्हणाली, "मॉम, जस्ट टेल हर. शी नोज." सीमा म्हणाली, "तुला कोणी विचारलं का?" रुहीनं कानात इअरफोन घातले.

शुक्रवारी सीमा घरून काम करायची. कुशल ऑफिसला, रुही शाळेत. दुपारी बाराला ती कॉफी घ्यायला खाली आली तर आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेथी निवडत बसली होती. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेल्या चार जुड्या, पेपरवर एका बाजूला पानं, एका बाजूला काड्या. सीमानं कॉफीचा मग मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि मागून आई म्हणाली, "दुखलं का गं फार?"

मायक्रोवेव्ह फिरत राहिला. सीमाला पाठमोरंच बरं वाटत होतं. "नाही," ती म्हणाली. "सुईचं तेवढं."

"आणि नंतर?"

"नंतर सूज होती. पंधरा दिवस." मग तिला राहवलं नाही, ती वळली. "एअरपोर्टवर तू मला ओळखलंच नाहीस."

"ओळखलं. दारातून बाहेर आले तेव्हाच ओळखलं." आईनं एक पिवळं पान काढून टाकलं. "अजून बघत राहिले असते तर तिथंच विचारलं असतं, कुठं केलंस, कसं केलंस. एवढ्या लोकांत तुला कसंतरी झालं असतं. म्हणून नजर काढून घेतली. आणि मग म्हटलं, पोरगी स्वतः सांगेल. तू काही सांगेनास."

"मग आसावरीला वडिलांवर गेली म्हणून सांगितलंस?"

"मग काय सांगू, बाप्पा? तू नाही सांगितलंस, मी कशाला सांगू?"

सीमा खुर्चीत बसली. इतक्या दिवसांची सगळी तयार उत्तरं कुठल्या कुठं गेली आणि जे कधीच बोलायचं नव्हतं तेच बाहेर पडलं. "आई, मी लाजले. लाज वाटावी असं आपल्यात काही नाही म्हणायचीस तू. मला वाटायची. कायम वाटायची. बुद्धाचे डोळे दाखवलेस तू मला, आणि मी ते..."

आई तिच्याकडे बघत राहिली. या वेळी नजर हलली नाही. "सीमे, तू रडत होतीस. माझ्या पायांतल्या वहाणा पण निघाल्या नव्हत्या. काही तरी सांगायला नको का लेकराला? समोर फोटो दिसला, सांगितलं." मग ती काड्या गोळा करायला लागली आणि मध्येच थांबली. "मला लाज नव्हती वाटत गं. मला कंटाळा आला होता." आणि मेथी तशीच ठेवून ती बोलायला लागली, वर्गात बोलायची तसं नाही, हळू. बघायला आल्या तेव्हा तुझ्या बाबांच्या आत्यानं विचारलं होतं, पोरीला नीट दिसतं ना. तुझे बाबा जन्मभर, जाईपर्यंत, सकाळी चहा दिला की म्हणायचे, सरला, उघड की डोळे आता. प्रेमानं म्हणायचे. मी पण हसायची. चाळीस वर्षं एकाच विनोदावर हसायला काय लागतं ते मला विचार. आणि आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला तेव्हा, कलेक्टरसाहेब शेजारी उभे, शाल अंगावर, फोटोग्राफर म्हणाला, बाई, डोळे उघडा. उघडेच होते. परत म्हणाला. मी असे ताणले. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा सगळा हॉल हसला. "तो फोटो मी हॉलमध्ये का लावला नाही, तुला वाटायचं मी साधी आहे, मला मिरवायला आवडत नाही. मला खूप आवडलं असतं मिरवायला." आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग तो न घालताच म्हणाली, "तुझं छान झालंय. मी रोज बघते. मला पण करून घ्यायचंय."

सीमानं आधी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग भराभर बोलली. तुझं बीपी. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, ती बंद करावी लागेल. एक्काहत्तरी झाली. जखम भरायला वेळ लागतो. परत जायच्या आत सूज उतरली नाही तर? आणि आता या वयात कशाला आई, कोण बघतंय? हे शेवटचं तोंडातून गेलं आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, बाबांच्या त्या आत्याचा असावा तसा. आई शांतपणे ऐकून घेत होती, नापास मुलाच्या बापाचं ऐकावं तशी. सगळं संपल्यावर म्हणाली, "तुझे तू केलेस. माझे काय संग्रहालयात ठेवायचेत?"

आणि सीमाला कळलं की हो, तिथंच ठेवायचे होते. मार्चमध्ये टेबलावर आडवी होताना ती निर्धास्त होती, कारण तिचा जुना चेहरा नागपुरात सुरक्षित होता. तिकडे एक बाई होती जी तो सांभाळून होती, रोज सकाळी त्याला पावडर लावत होती. सीमानं स्वतःला सूट दिली होती आणि राखण आईकडे लावली होती. इतके महिने ज्याला ती अपराध म्हणत होती त्याच्या तळाशी हे निघालं, याची तिला आता खरोखरच लाज वाटली, मणिपूरच्या वेळेपेक्षा जास्त. डॉक्टरबाई आरसा हातात देऊन पापणीवर एक बारीक वाकवलेली तार टेकवतात आणि घडी कुठं पडेल ते दाखवतात. तिनं केसांतला आकडा काढला, गोल टोक पुढे करून धरला, साबणानं धुतला. "इकडे बघ," ती म्हणाली. "हलू नकोस." वरून रुहीचा मेकअपचा आरसा आणून तिनं आईच्या हातात दिला. आईचा चेहरा इतक्या जवळून तिनं लहानपणानंतर पाहिला नव्हता. पापणीची कातडी पातळ होती, जुन्या सुती साडीसारखी मऊ. तिनं आकडा टेकवला, अलगद आत दाबला आणि वर उचलला. पापणी त्यावर दुमडली. आतून आईचा डोळा निघाला, मोठा, तपकिरी, आरशात स्वतःकडे एकटक बघणारा. आईनं आरसा थोडा जवळ घेतला. मग एवढंच म्हणाली, "बघ बरं," आणि ते ती कुणाला म्हणाली ते कळलं नाही. सीमाचा हात भरून आला तेव्हा तिनं आकडा काढला. घडी सुटली, पापणी जागेवर आली, ते ओळखीचे अर्धे मिटलेले डोळे परत आले, आणि सीमाला हायसं वाटलं. आईनं ते हायसं वाटणं पाहिलं.

"फोन लाव," आई म्हणाली.

सीमानं क्लिनिकला लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं, वय विचारलं, आणि मग रोजच्या सवयीनं, न थांबता, "इज दिस फॉर अ मेडिकल रीझन, ऑर कॉस्मेटिक?" ऑफिसात सीमानं मेडिकल म्हणून सांगितलं होतं, आजारपणाची रजा घेतली होती, पापण्या जड होतात, वाचताना त्रास होतो. आईच्या बाबतीत तर ते निम्मं खरंही ठरलं असतं. ती तोंड उघडणार तोच आईनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"काय विचारतेय ती?"

"विचारतेय, डोळ्यांना काही त्रास आहे म्हणून करायचंय, की नुसतं..." सीमा थांबली. "नुसतं दिसण्यासाठी."

आईनं क्षणभर विचार केला. मग ती टेबलावरच्या फोनकडे वाकली आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात, मराठीतच, म्हणाली, "हौस आहे म्हणावं."

पलीकडच्या मुलीनं विचारलं, "मॅम? सॉरी?"

"कॉस्मेटिक," सीमा म्हणाली.